ॲशफील्ड खरंच लेबरचा बालेकिल्ला होता का? खाणपट्ट्यातल्या एका मतदारसंघाबद्दल, जरा सविस्तर

तुमचा प्रश्न आधी परत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरचा ॲशफील्ड मतदारसंघ, कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्यांचा, पिढ्यान् पिढ्या लेबर पार्टीचा, तो २०१९ ला टोरींकडे, म्हणजे कॉन्झर्वेटिव्ह पक्षाकडे गेला आणि २०२४ ला थेट उजव्या रिफॉर्म यूके पक्षाकडे, तर हे ब्रेक्झिटमुळेच झालं का, आणि आपल्याकडे गिरणगावात लाल बावटा जाऊन भगवा आला तसाच हा प्रकार म्हणायचा का. प्रबंधासाठी हवंय असंही तुम्ही लिहिलंय, त्यामुळे जरा पाल्हाळ लावतोय, चालवून घ्या.

मी नॉटिंगहॅमला राहतो आणि मतदारसंघांच्या कुंडल्या मांडणं हाच माझा धंदा. जुने निकाल काढायचे, हद्दी कुठे कशा सरकल्या ते बघायचं, वॉर्डावॉर्डाचे आकडे जुळवायचे आणि निवडणूक आली की ज्यांनी पैसे दिलेत त्यांना सांगायचं की इथे साधारण काय होऊ शकतं. ॲशफील्डची फाइल माझ्याकडे चांगलीच जाड आहे. आणि ती चाळून चाळून माझं मत असं झालंय की तुमच्या प्रश्नातला 'कसा गेला' हा भाग त्या मानाने सोपा आहे, खरी गडबड 'बालेकिल्ला' या गृहीतकात आहे. बालेकिल्ला म्हटलं की तो एका दिवशी पडला असं वाटतं, आणि मग त्या दिवशी देशात जे काय चाललं होतं तेच कारण वाटायला लागतं, २०१९ ला ब्रेक्झिट चाललं होतं म्हणून ब्रेक्झिट. लेबर इथे वर्षानुवर्षं जिंकत होती हे खरंच आहे, पण हा भाग आतून कधीच एकसंध नव्हता, फुटायची सवय त्याला जवळजवळ शंभर वर्षांची आहे.

पुढे जाण्याआधी काय कशावर अवलंबून आहे ते सांगून टाकतो, कारण यात भलेभले घसरतात. पहिली गोष्ट हद्दीची. ॲशफील्ड नावाचा संसदीय मतदारसंघ १९५५ पासून आहे, त्याआधी हा सगळा पट्टा ब्रॉक्सटो नावाच्या सीटमध्ये होता. आता ब्रॉक्सटो नावाची वेगळीच सीट आहे, तिचा जुन्या ब्रॉक्सटोशी तुम्हाला वाटेल तेवढा संबंध नाही. ॲशफील्ड नावाची डिस्ट्रिक्ट काउन्सिल पण आहे आणि तिच्यात हकनॉल हे मोठं गाव येतं, पण हकनॉल संसदेच्या वेळी शेरवुड सीटमध्ये (२०२४ पासून नाव शेरवुड फॉरेस्ट) जातं. ईस्टवुड बरीच वर्षं ॲशफील्ड सीटमध्ये होतं, २०२४ च्या फेररचनेत बाहेर गेलं. मतदारसंघाचा गाभा म्हणाल तर सटन-इन-ॲशफील्ड, कर्कबी-इन-ॲशफील्ड, हथवेट, सेलस्टन, ॲनेस्ली वगैरे. दुसरी गोष्ट, युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं यावरच्या २०१६ च्या सार्वमताचे आकडे काउन्सिलच्या हद्दीप्रमाणे मोजले गेलेत, संसदीय सीटप्रमाणे नाही, त्यामुळे ॲशफील्डने साधारण ७० टक्के 'बाहेर पडा' म्हटलं असं जे सगळीकडे छापून येतं त्यात हकनॉल धरलेलं आहे. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, बेरजांवरून कुठल्या माणसाने कुठून कुठे उडी मारली हे छातीठोकपणे सांगता येत नाही. मी खाली आकडे देईन, तुम्ही ते वापरा, पण 'अमुक हजार लेबरवाले तमुककडे गेले' असं वाक्य प्रबंधात लिहाल तर गाईड पकडेल, आणि पकडायलाच हवं.

आता १९२६. ब्रिटनमधला सार्वत्रिक संप मे महिन्यात नऊ दिवसांत गुंडाळला गेला पण खाण कामगार पार नोव्हेंबरपर्यंत बाहेर होते, मालकांनी कमी पगार आणि जास्त तास अशी अट घालून टाळेबंदीच केली होती. नॉटिंगहॅमशायरच्या खाणी त्यातल्या त्यात श्रीमंत, इथला 'टॉप हार्ड' नावाचा थर जाड आणि कोळसा उत्तम, त्यामुळे इथल्या मालकांना जास्त घाई होती आणि इथल्या कामगारांना कामावर परत गेलं तर बरे पैसे मिळण्याची शक्यता होती. लोक हळूहळू कामावर परतायला लागले. जॉर्ज स्पेन्सर नावाचा इथल्या युनियनचा पुढारी, जो ब्रॉक्सटोचा लेबर खासदारही होता, त्याने परतणाऱ्यांसाठी मालकांशी परस्पर बोलणी केली. खाण कामगारांच्या राष्ट्रीय फेडरेशनने त्याला हाकलला, त्याने वेगळी युनियन काढली आणि मालकांनी फक्त तिलाच मान्यता दिली. हा दुभंग १९३७ पर्यंत टिकला, उत्तरेकडे हार्वर्थच्या खाणीत मोठा झगडा झाल्यावर दोन्ही युनियन एकत्र आल्या, आणि गंमत म्हणजे एकत्रित युनियनचा अध्यक्ष कोण तर स्पेन्सरच.

इथे एक गोष्ट नीट बघा. युनियन फुटली म्हणून मतं फुटली नाहीत. १९२९ ला ब्रॉक्सटोमधून लेबरचे सीमोर कॉक्स निवडून आले आणि १९३१ ला देशभरात लेबरची धूळधाण होऊन जेमतेम ५२ जागा उरल्या तेव्हाही ही सीट त्यांनी राखली, १९५३ पर्यंत तेच खासदार होते. म्हणजे त्या काळात माणूस खाणीत स्पेन्सरच्या युनियनची वर्गणी भरत होता, कारण नाहीतर काम मिळत नव्हतं, आणि मतपेटीत लेबरला मत देत होता. युनियन आणि मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे इथे इतक्या लवकर दिसतं म्हणून मला हा मतदारसंघ आवडतो.

खासदारांची यादी काढून बघा, तिथे दुसरा धक्का आहे. आजकाल प्रत्येक लेखात वाचायला मिळतं की लेबरने अलीकडे बाहेरचे, शिकलेसवरलेले उमेदवार लादले म्हणून खाणपट्टा रागावला. ॲशफील्डमध्ये हे 'अलीकडे' १९५५ पासून आहे. पहिले विल्यम वॉर्बी, डाव्या विचारांचे, पण खाणकामगार नव्हेत. मग १९६६ ला डेव्हिड मार्क्वंड, पक्के प्राध्यापक. मग मध्ये एक टोरी, त्याच्याकडे येतो. मग १९७९ ला फ्रँक हेन्स, हा माणूस खरा खाणीतला. १९९२ ला जेफ हून, वकील आणि कायद्याचे प्राध्यापक, जे पुढे ब्लेअर सरकारात इराक युद्धाच्या वेळी संरक्षणमंत्री होते. २०१० ला ग्लोरिया डी पिएरो, टीव्हीवरच्या पत्रकार. आणि २०१९ ला ली अँडरसन. म्हणजे या सीटच्या सगळ्या इतिहासात खाणीत काम केलेले खासदार दोनच, हेन्स आणि अँडरसन, एक लेबरचा आणि दुसरा टोरी तिकिटावर येऊन रिफॉर्मला गेलेला. शेजारच्या बोल्सोव्हरशी तुलना करा, तिथे डेनिस स्किनर हा माजी खाणकामगार १९७० पासून २०१९ पर्यंत सलग खासदार. लादलेला उमेदवार हे कारण खोटं नाही, पण ते आधीपासून होतं आणि तरी लेबर जिंकत होती, म्हणजे आधी ते खपवून घ्यायला लावणारं दुसरं काहीतरी होतं. ते काय होतं याकडे मी येतोच.

त्याआधी १९७७. हे बहुतेकांना माहीतच नसतं. ऑक्टोबर १९७४ ला मार्क्वंड २२,९१५ मतांच्या आघाडीने जिंकले. मग लेबरचे बडे नेते रॉय जेनकिन्स युरोपियन कमिशनचे अध्यक्ष होऊन ब्रसेल्सला निघाले तर मार्क्वंडही खासदारकी सोडून त्यांच्याबरोबर गेले. एप्रिल १९७७ ला पोटनिवडणूक लागली आणि टिम स्मिथ नावाचा तरुण टोरी २६४ मतांनी जिंकला. २२,९१५ वरून उणे २६४! त्याच दिवशी ग्रिम्सबीलाही पोटनिवडणूक होती, ती सीट काठावरची, सगळ्यांना वाटत होतं ती जाणार आणि ॲशफील्ड राहणार, झालं उलटं, ग्रिम्सबी लेबरने ५२० मतांनी राखली. त्या वेळी आयएमएफचं कर्ज, सरकारी खर्चात कपात, पगारावर लगाम, हे सगळं चालू होतं, त्यामुळे सरकारवर राग होताच. पण तो राग ग्रिम्सबीलाही होता. ॲशफील्डला वर आणखी हे की आपला खासदार आपल्याला सोडून ब्रसेल्सच्या नोकरीला गेला. २०१६ च्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही, आणि मी म्हणत नाही की तेव्हाच ब्रेक्झिट सुरू झालं, तसली ओढाताण करू नका, पण खाणी सगळ्या जोरात चालू असताना, युनियन भरात असताना, इथल्या लोकांनी लेबरला एकदा घरी बसवलेलं आहे एवढं लक्षात ठेवा. १९७९ ला सीट परत लेबरकडे आली.

मग १९८४-८५ चा संप, ज्याबद्दल तुम्ही वाचलं असेलच. सरकारी कोल बोर्डाने खाणी बंद करायचं जाहीर केलं, आर्थर स्कारगिल यांच्या नेतृत्वाखाली युनियन संपावर गेली, पण देशभर मतदान न घेता. नॉटिंगहॅमशायरने आपलं मतदान घेतलं आणि साधारण तीन चतुर्थांश लोकांनी संपाच्या विरोधात मत दिलं. बहुतेक खाणी चालू राहिल्या. यॉर्कशायरचे पिकेट, म्हणजे कामावर जाणाऱ्यांना खाणीच्या दारात अडवणारे संपकरी, गाड्या भरभरून यायचे, पोलीस त्यांना रस्त्यात अडवायचे, संपाच्या पहिल्याच आठवड्यात ऑलर्टनला एका तरुण पिकेटचा जीव गेला. वर्षभराने संप मोडला, १९८५ ला इथल्या कामावर गेलेल्यांनी स्वतःची वेगळी युनियन काढली, युनियन ऑफ डेमोक्रॅटिक माइनवर्कर्स, आणि यॉर्कशायरवाल्यांच्या लेखी ती स्पेन्सरची दुसरी आवृत्ती होती.

कामावर का गेले याला लोक पटकन 'गद्दारी' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. इथल्या खाणी नफ्यात होत्या, उत्पादनाप्रमाणे बोनसची पद्धत इथे फायद्याची होती, आम्हाला विचारलंच नाही हा मुद्दा खरा होता, आणि वर त्यांना वरून सांगितलं गेलं होतं की तुमच्या खाणी सुरक्षित आहेत. शिवाय १९६० च्या दशकात स्कॉटलंड, डरहॅमच्या खाणी बंद झाल्या तेव्हा तिथली माणसं कोल बोर्डाने बदली करून इथे आणली होती. एकदा उठून आलेला माणूस दुसऱ्यांदा कशाला उठेल? पण दुसरी बाजूही तितकीच खरी, की जे थोडे इथे संपावर राहिले त्यांनी वर्षभर शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत उपास काढले.

त्याची धग अजून आहे. कर्कबीला एकदा सर्व्हेसाठी दारोदार फिरत होतो, एका आजींनी दार उघडलं, 'ए अप मी डक' (इकडचं रामराम) वगैरे झालं, म्हटलं निवडणुकीबद्दल दोन मिनिटं बोलायचंय, तर त्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या आणि समोरच्या ओळीतली घरं बोटाने दाखवायला लागल्या, हा आत गेलेला, म्हणजे संपात कामावर गेलेला, हा बाहेर होता, हा नोव्हेंबरपर्यंत बाहेर होता आणि मग आत गेला, तो वारला पण त्याची बायको अजून समोरचीशी बोलत नाही. पक्षाचं नाव त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही. फॉर्मवर लिहायला माझ्याकडे त्यासाठी रकानाच नव्हता.

या संपाचा निवडणुकीवर परिणाम १९८७ ला मोजता येतो. देशात लेबरची मतं थोडी वाढली, पण हेन्स यांची आघाडी ६,०८७ वरून ४,४०० वर आली, शेजारच्या मॅन्सफील्डला लेबर फक्त ५६ मतांनी वाचली, आणि शेरवुडला तर टोरी खासदार १९८३ ला आला होता तो परत निवडून आला. म्हणजे खाणपट्ट्यात लेबर काठावर आली होती ती १९८७ ला. एप्रिल १९९२ च्या निवडणुकीत ती सावरली, आणि त्यानंतर जे झालं त्याने टोरींची वाटच बंद झाली. ऑक्टोबर १९९२ ला टोरी मंत्री मायकल हेझल्टाइन यांनी ५० पैकी ३१ खाणी बंद करण्याचं जाहीर केलं आणि त्या यादीत कामावर गेलेल्यांच्या खाणीही होत्या. नव्या युनियनचे अध्यक्ष रॉय लिंक सिल्व्हरहिलच्या खाणीत खाली जाऊन बसले निषेध म्हणून. ज्या सरकारला संपात मदत केली त्याच सरकारने दार लावून घेतलं. सिल्व्हरहिल त्याच वर्षी बंद झाली, मतदारसंघातली शेवटची, ॲनेस्ली-बेंटिंक, २००० साली.

टोरी त्यानंतर इथे पुष्कळ वर्षं तोंड दाखवायला आले नाहीत. पण लेबरचं काय झालं ते बघा, आणि इथे मी तुम्हाला माझ्या कामातली एक साधी सवय सांगतो, आघाडी बघू नका, मतं बघा. १९९२ ला हून यांना ३२,०१८ मतं, आघाडी १२,९८७. २००१ ला हून यांची आघाडी १३,२६८, म्हणजे वाढलीच की, पेपरवाल्यांनी लिहिलं 'सेफ सीट'. मतं किती? २२,८७५. नऊ हजारांहून जास्त मतं गायब आणि आघाडी जैसे थे, कारण टोरीही तितकेच आटले होते. मतदान १९९२ ला ८० टक्क्यांच्या आसपास होतं ते २००१ ला ५४ च्या खाली. २००५ ला हून २०,४३३. २०१० ला डी पिएरो १६,२३९, आणि आघाडी १९२. अठरा वर्षांत लेबरची मतं निम्मी झाली, ब्रेक्झिट या शब्दाचा जन्मही व्हायचा होता.

तर मघाशी म्हटलं ते 'दुसरं काहीतरी' हे. खाण असताना माणूस, युनियनची शाखा, माइनर्स वेल्फेअरचा हॉल, लेबरची वॉर्ड कमिटी आणि काउन्सिलर ही एक साखळी होती. उमेदवार लंडनचा प्राध्यापक असला तरी त्याला हातात धरून गल्लीत फिरवणारा माणूस खाणीतला असायचा, मतदानाच्या दिवशी कोण बाहेर पडलं नाही हे त्याला पाठ असायचं. खाण गेली, शाखा गेली, हॉल बिंगो आणि लग्नकार्याला उरला, उमेदवार मात्र पूर्वीसारखाच बाहेरून येत राहिला. लोक टोरी झाले नाहीत, ते घरी बसले. मी तरी एवढंच म्हणेन, की पुढे जे कोणी जिंकले ते या घरी बसलेल्यांना आणि सुटलेल्या गल्ल्यांना कोण आधी पोचतो या स्पर्धेत जिंकले.

आणि आधी पोचले ते टोरीही नव्हेत, ब्रेक्झिटवालेही नव्हेत. २०१० ला १९२ मतांनी दुसरा आला तो मधल्या मार्गाच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचा जेसन झाड्रोझनी, स्थानिक मुलगा, काउन्सिलमध्ये कामं करणारा, १६,०४७ मतं घेतली. खाणपट्ट्यात लिब डेम! पक्षाचं ते नव्हतंच, माणसाचं होतं. पुढे त्याने ॲशफील्ड इंडिपेंडंट्स नावाचा स्थानिक गट बांधला, तुंबलेली गटारं, रस्त्यातले खड्डे, बसस्टॉप, कचऱ्याचे डबे असल्या विषयांवर, आणि मे २०१९ ला डिस्ट्रिक्ट काउन्सिलच्या ३५ पैकी ३० जागा मारल्या. २०२३ ला ३२. आपल्याकडच्या नगरपालिकेतल्या 'शहर विकास आघाडी' डोळ्यांसमोर आणा, तुम्हाला चटकन कळेल.

आता येतो मुख्य आकड्यांकडे, हे जरा सावकाश वाचा. २०१५ ला लेबर १९,४४८, टोरी १०,६२८, आणि युरोपियन युनियनमधून बाहेर पडा म्हणणाऱ्या यूकिप पक्षाला दहा हजारांच्या वर, म्हणजे पाचातलं एक मत. २०१७ ला, सार्वमतानंतर, टोरी १०,६२८ वरून २०,८४४. दोन वर्षांत दुप्पट. यूकिप उडालं आणि तिथली मतं मोठ्या प्रमाणात टोरींकडे सरकली असं म्हणायला जागा आहे, इथे ब्रेक्झिटचा हात स्पष्ट दिसतो, मी ते नाकारत नाही. पण लेबरची मतंही वाढून २१,२८५ झाली होती, ४४१ ने सीट वाचली. मग २०१९, अँडरसन जिंकले, 'लाल भिंत' (लेबरच्या जुन्या कामगार सीटांची रांग) पडली म्हणून मथळे आले. त्यांना मतं किती पडली? १९,२३१. म्हणजे २०१७ ला टोरी ज्या मतांवर हरले होते त्यापेक्षा दीड हजाराहून जास्त मतं कमी पडूनही जिंकले. लेबरची नताली फ्लीट ११,९७१ वर, थेट तिसरी. दुसरा कोण? झाड्रोझनी, १३,४९८. २०१७ ला त्याच्या गटाला ४,६१२ होती.

वजाबाकी करा. लेबर नऊ हजार तीनशेने खाली, इंडिपेंडंट्स आठ हजार नऊशेने वर. वर दिलेला इशारा परत देतो, ही तीच माणसं होती असं सिद्ध होत नाही, काही लेबरवाले टोरींकडे, काही टोरी इंडिपेंडंटकडे, काही घरी, असं सगळं ढवळून निघालेलं असणार. पण निव्वळ हिशोबात लेबरची सीट टोरींच्या लाटेने गेली नाही, स्थानिक गटाने लेबरचा पाया काढून घेतला आणि टोरी जागच्या जागी उभे राहून, थोडे खाली सरकून, वर आले. हेच वाक्य मी गिऱ्हाइकांना सांगतो तेव्हा कुणालाच आवडत नाही, कारण प्रत्येकाला लाट हवी असते.

अँडरसनही याच मातीतला, हे विसरू नका. खाणीत काम केलेला, २०१८ पर्यंत लेबरचा काउन्सिलर, डी पिएरो यांच्याच ऑफिसात काम केलेला. टोरींनी त्याला उपाध्यक्ष केलं, फेब्रुवारी २०२४ ला लंडनच्या महापौरांबद्दलच्या वक्तव्यावरून निलंबित केलं, मार्चमध्ये तो रिफॉर्ममध्ये गेला आणि त्यांचा पहिला खासदार झाला. जुलै २०२४ ला रिफॉर्मच्या तिकिटावर १७,०६२ मतं, लेबर ११,५५३, झाड्रोझनी ६,२७६, आणि टोरी ३,२७१. पक्ष बदलला, मतं बरोबर नेली, मागे पक्षाकडे काही उरलं नाही. हद्द बदललीये म्हणून आधीच्या आकड्यांशी अगदी थेट तुलना नको, पण दिशा कळायला पुरे आहे. त्याच्या बोलण्यातलं मला बरंच पटत नाही, काही तर ऐकवत नाही, पण तो फक्त वाहिन्यांवर ओरडून निवडून येतो असं समजणाऱ्यांनी एकदा सटनच्या बाजारात त्याच्याशी लोक कसे बोलतात ते बघावं.

तर इथपर्यंतचं थोडक्यात: १९२६ ला युनियन फुटली पण मत नाही, १९७७ ला खाणी चालू असताना मत फुटलं, १९८४ ला दोन्हीला तडा गेला, १९९२ नंतर साखळीच तुटली आणि लोक घरी बसले, २०१० पासून स्थानिक माणसांनी ती रिकामी जागा घेतली. ब्रेक्झिटने २०१५ ते २०१७ मध्ये उजवीकडची मतं एका पिशवीत आणली, ते काम त्याचं, तेवढं श्रेय त्याला द्या.

गिरणगावाचं. तुलना मोहाची आहे आणि वरवर बसतेही, फसलेला संप, गेलेला उद्योग, बदललेला झेंडा. पण क्रम तपासा. परळला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाल्यावर १९७० च्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार, तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि मोठा संप १९८२ ला व्हायचा होता. आणि संप चिरडला गेल्यावर १९८४ च्या लोकसभेला, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेस लाटेत, त्या संपाचे नेते दत्ता सामंत दक्षिण मध्य मुंबईतून निवडून आले. म्हणजे 'संप हरला म्हणून मत बदललं' ही सरळ रेघ तिकडेही ओढता येत नाही आणि इकडेही नाही. मोठा फरक असा की सेना शाखेशाखेतून, चालू गिरण्यांच्या सावलीत, लाल बावट्याशी समोरासमोर भिडत वाढली. ॲशफील्डला शेवटची खाण बंद झाल्यावर दहा वर्षं मैदान जवळजवळ मोकळं होतं. हवीच असेल तर तुलना एवढ्यापुरती करा, की गल्लीतलं काम कुणाच्या हातात आहे. त्यापलीकडे नेलीत तर दोन्ही बाजूंचे जाणकार तुम्हाला फाडून खातील.

प्रबंधासाठी मी असं सुचवेन, ॲशफील्ड एकट्याचा घेऊ नका, बोल्सोव्हर आणि मॅन्सफील्डबरोबर लावा. तिन्ही कोळशाच्या, तिन्ही शेजारी, तिन्हीकडे सार्वमतात ७० टक्क्यांच्या आसपास 'बाहेर पडा'. मॅन्सफील्ड २०१७ ला टोरींकडे गेलं, बोल्सोव्हर २०१९ ला, आणि २०२४ ला दोन्ही लेबरकडे परत आली. ॲशफील्ड आलं नाही. बोल्सोव्हरला २०२४ ला लेबरकडून कोण जिंकलं माहितीये? नताली फ्लीट, २०१९ ला ॲशफील्डला तिसरी आलेली तीच. उमेदवार तीच, कोळसा तोच, ब्रेक्झिट तेच, निकाल वेगळा. आता बोल्सोव्हर डर्बीशायरमध्ये, तिथल्या संपाचा इतिहास वेगळा, हे धरावं लागेल, पण मॅन्सफील्ड तर नॉटिंगहॅमशायरचंच, संपात तेही कामावर गेलेलंच. मग उरतो काय फरक? अँडरसन आणि झाड्रोझनी ही दोन माणसं, आणि ती ज्या काउन्सिलच्या राजकारणातून आली ते. मॅन्सफील्डलाही स्वतंत्र गटाच्या महापौरांची परंपरा होती म्हणून तिथे तुम्हाला नीट खणावं लागेल, मी याचं तयार उत्तर देत नाही, कारण अजून दोन-तीन निवडणुका बघितल्याशिवाय ते कुणीच देऊ नये. मे २०२५ ला नॉटिंगहॅमशायर काउंटी काउन्सिल रिफॉर्मने जिंकली, त्यामुळे मॅन्सफील्ड पुढच्या खेपेला कुठे जाईल यावर मी पैज लावणार नाही.

आकडे कुठून काढायचे हे विचारलंत तर संसदेचे निकाल सहज मिळतात, खरी माहिती काउन्सिलच्या वॉर्डवार निकालांत आहे, २००७, २०११, २०१५, २०१९, २०२३ हे पाच संच लावा आणि प्रत्येक वॉर्डात लेबरने किती ठिकाणी उमेदवारच धड उभा केला नाही किंवा केला तरी किती मतं पडली ते आधी मोजा. आणि एकदा स्वतः या. नॉटिंगहॅमहून रॉबिन हूड लाइनची गाडी हकनॉल, न्यूस्टेड करत कर्कबीला येते. क्रिकेटवाले असाल तर कर्कबीला हॅरॉल्ड लारवुडचा पुतळा आहे, बॉडीलाइनवाला, तोही ॲनेस्लीच्या खाणीत काम केलेलाच. मग टेव्हर्सलच्या बाजूने सिल्व्हरहिलच्या टेकडीवर चढा, टेकडी म्हणजे खाणीचाच उपसा, आता वर झाडं लावलीत. माथ्यावर कांशाचा खाणकामगार आहे, एका गुडघ्यावर बसून दिवा वर धरून गॅस तपासणारा, आणि तिथे काउंटीतल्या खाणींची नावं कोरलीत. तिथून पश्चिमेला डर्बीशायर दिसतं, हार्डविक हॉल दिसतो, आणि या सगळ्या सीटा एकमेकींच्या किती जवळ आहेत ते नकाशापेक्षा नीट कळतं.

वॉर्डांच्या हद्दी २०१५ ला बदलल्यात, ते जुळवताना अडाल. तेव्हा इथेच लिहा, माझ्याकडे जुन्या-नव्याचं कोष्टक केलेलं आहे.